भेटींचा तक्ता

मंगळवार, ४ फेब्रुवारी

किळस आली आज! चर्चच्या पंचमंडळीने नर्समावशींना बोलावलं — आभार मानायला नव्हे, काढून टाकायला. ऑर्गनवाले काका मांडीचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेत, मागेपुढे कोणी नाही. ही बाई दोन वर्षं एकटी त्यांचं सगळं करतेय. भरवणं, पुसणं, पाठीच्या जखमांना मलम. कोणी सांगितलं नव्हतं.

पाळकसाहेब मिशनच्या नेतृत्व शिबिरातून नुकतेच परतलेत. "एकाने केली ती हौस, सगळ्यांनी केली ती सेवा. टीम हवी, मावशी." मावशी एवढंच म्हणाल्या, "उजव्या कुशीवर ठेवू नका. तेवढं टीमला सांगा."

ठराव एकमताने. हात मीही वर केला. चिटणीस मी, इतिवृत्त मलाच लिहायचं — उगाच एक हात कमी कशाला?

बुधवार, ५ फेब्रुवारी

चर्चच्या व्हरांड्यात भेटींचा तक्ता लावला. सात दिवस, सात माणसं. गेलं की आपल्या चौकटीत खूण करायची. शुक्रवार ठेकेदाराचा, गुरुवार माझा. प्रमुख कोण, यावर दीड तास. ठेकेदार हटेना, मुख्याध्यापकबाई हटेनात. शेवटी दोन प्रमुख, एक सल्लागार आणि एक मार्गदर्शक. बारभाईंची शेती, काय लागेल हाती! काकांचं नाव दीड तासात एकदाही निघालं नाही.

रविवार, ९ फेब्रुवारी

उपासनेत ठेकेदाराने साक्ष दिली. शुक्रवारी काकांच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे, यांचाही गळा भरून आला. शुक्रवारी दिवसभर हा आमच्या शेजारी स्लॅब टाकत होता! खिडकीतून बघत होतो मी. देवाच्या घरात उभं राहून बोलतो निर्लज्ज.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "आणि तुम्ही गेला होतात का गुरुवारी?" कंबर धरली होती माझी. ती गोष्ट वेगळी.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

गेलो. काकांची दाढी केलेली, चादर बदललेली. मोरीत मावशी फडकं पिळत होत्या. मला बघून ओशाळल्या — चोरी पकडल्यासारख्या.

"रोज येता?"

"साहेबांना सांगू नका. वाईट वाटेल त्यांना."

काका म्हणाले, "हिच्याशिवाय इथे कुत्रं फिरकत नाही. तू वाट चुकलास काय रे?"

पाच मिनिटं बसलो. चर्चमधला तक्ता मात्र खुणांनी भरलेला! आयत्या बिळावर नागोबा सगळे.

रविवार, १६ फेब्रुवारी

मिशनचे मोठे साहेब येऊन गेले. तक्ता पाहिला, काकांची स्वच्छ खोली पाहिली. "असं सांघिक काम मी कुठे पाहिलं नाही." इतर मंडळ्यांना पाठवायला अहवाल हवा म्हणाले. लिहिला मी. चार पानं. स्वतःच्या अक्षराची शिसारी आली. पण अहवाल सुरेख झालाय.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

मावशी दारात आल्या, आत आल्या नाहीत. लेक बाळंत व्हायचीय, उद्या निघतेय, पुढच्या बुधवारी परत. "काकांकडे कोणीतरी जायला हवं, चिटणीस. पाणीसुद्धा हाताने घेता येत नाही त्यांना. तुम्हालाच ठाऊक आहे, म्हणून तुम्हाला सांगते."

सांगू कसं? मावशीच जात होत्या हे बाहेर येणार. अहवाल कालच रवाना झालाय. शेवटी टीमच्या व्हॉट्सअॅप गटावर लिहिलं — 'प्रत्येकाने आपापला दिवस काटेकोर पाळावा.' सहा जणांचे जोडलेले हात आले.

पाळकसाहेबांनी खाली लिहिलं, 'हीच खरी टीम.' ओकारी येईल अशाने.

गुरुवार, २० फेब्रुवारी

कंबर. उद्या ठेकेदार जाईलच.

रविवार, २३ फेब्रुवारी

चर्चमध्ये विचारलं, काका कसे आहेत? मुख्याध्यापकबाई म्हणाल्या, "छान आहेत." ठेकेदार म्हणाला, "छान आहेत." मग मीही पुढे विचारलं नाही.

बुधवार, २६ फेब्रुवारी

मावशी स्टेशनवरून थेट काकांकडे गेल्या. प्राण जाऊन दोन दिवस तरी झाले असावेत, म्हणाल्या. उजव्या कुशीवर होते.

तक्त्यात एकही चौकट रिकामी नाही. माझी तर उद्याची खूणही करून ठेवलेली आहे.