चौदाव्या चांदाची भरती

११ जुलै १९६४, कुवेत
दाऊदला मालकाच्या, अरबाबच्या स्वयंपाकघरात माझ्या हाताखाली मीच चिकटवला. धाकट्या बहिणीचा, जुबेदाचा नवरा, म्हणून. आता सगळ्यांना त्याच्याच हातचं लागतं. अरबाब म्हणाला, लेबनॉनहून परतलो की दोघांतला एकच स्वयंपाकी ठेवीन. बघू.

२ ऑगस्ट, लेबनॉन
डोंगरावरचा बंगला, गार हवा. दा.ची माशाची आमटी अरबाबच्या आईने दोनदा मागून घेतली. मला म्हणाली, तू कांदे चीर. चिरले.

२३ ऑगस्ट
समुद्राजवळच्या नदीवर सहल. दोन्ही बाजूंना चुनखडीचे पांढरे कडे, मधल्या घळीत पाणी काळसर, तळ दिसेना. अरबाबच्या मुलांनी दा.कडे, मग कड्याकडे बोट दाखवून मला विचारलं, हा वरून उडी मारेल का? मी अरबीत म्हणालो, खाडीतला मासा आहे तो. दा.ला अरबी येत नाही, पण खूण कळली. माझ्याकडे वळून म्हणाला, "भाय, आज चौदावा चांद. दुपारची पुरी भरती. पानी गच्च भरलेला आसंल."
आमच्या गावच्या खाडीत भरलं असतं. मी तीन उन्हाळे बघतोय, हा समुद्र ना चढत ना उतरत. उन्हाळ्यात नदी आटते, खाली दगड.
त्याने विचारलं नाही, सांगितलं. विचारलं असतं तर बोललो असतो.
दा.ने वरून उडी टाकली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग थांबल्या.

२५ ऑगस्ट
बैरूतचं इस्पितळ. दा.चं कमरेखाली काही हलत नाही. मुलं रडली, संध्याकाळी आइस्क्रीम खायला गेली. जेवण मी केलं. कोणी नावं ठेवली नाहीत.

१४ सप्टेंबर, कुवेत
स्वयंपाकघर माझं. अरबाब म्हणाला, त्याचं नशीब. मी मान हलवली. दा. मागच्या खोलीत पडून. त्याचं अंग पुसायचं कामही माझ्याकडेच आलं. वास येतो.

३ ऑक्टोबर
आज दा.ला बोटीवर चढवला. झोळीत घालून, पोतं चढवतात तसा. म्हणाला, "भाय, त्या दर्याला भरतीच नाय. बैरूतला बाजूच्या खाटेवर पाकिस्तानी खलाशी होता, तो बोलला."
"हो का?"
"तुमाला ठाव नव्हता?"
तेवढ्यात खलाशांनी झोळी उचलली. उत्तर द्यायचं राहिलं. वरून तो माझ्याकडे बघत होता, बोट सुटेपर्यंत. मी हात हलवला.
मुंबईच्या गोदीत जुबेदा घ्यायला येणार. तिला काय सांगेल तो? पहिल्यापासून ती त्याचंच ऐकते.