दीडशहाण्यांच्या अर्ध्या ओळी

प्रिय ढोल्या,

लोकांना रडवतोस कशाला रे? काल लाँड्रीतल्या पोरीनं तुझा नवा कार्यक्रम मोबाईलवर दाखवला. माझ्या मुलाच्या जागी नुसता माईक उभा, त्यावर दिव्याचा झोत. तू तुझी अर्धी ओळ म्हणतोस आणि त्याच्या अर्ध्या ओळीपुरता गप्प उभा राहतोस. समोर माणसं डोळे पुसतायत. तुमच्या गाण्यांना लोक पोट धरून हसायचे, ते विसरलास? वर सुरुवातीला माझा रेकॉर्ड केलेला ओरडा लावलास, तोही न विचारता. परवानगीचं जाऊ दे. तो गेल्यापासून वर्षभरात एकदाही माझं दार वाजवलं नाहीस, त्याचं काय?

मी चौथी शिकलेली, मला रॅप कळत नाही. पण ते सुरू झालं माझ्याच पायाशी. शाळा बुडवून दोघं लाँड्रीत येऊन बसायचात. तीन नंबरच्या मशीनचा एक पाय आखूड. चादरी पिळताना ती धप-ठक-ठक करत नाचायची आणि तुम्ही त्या तालावर बडबडायला लागलात. अर्धं तू, अर्धं तो. मुकादमाचं पोट, माझ्या चपला, फाटक्या उशा, काही म्हणून सोडलं नाहीत. दीडशहाणे कुठले, चालते व्हा, असं मी ओरडले तर तेच नाव लावून घेतलंत. तू जाडा म्हणून एक, तो काडी म्हणून अर्धा. पुढे त्या नावाची पोस्टरं लागली, आंघोळीच्या टोप्या घालून स्टेजवर नाचलात, परगावचे लोक तुम्हाला बोलवायला लागले. मी आपली म्हणायची, हे माकडचाळे किती दिवस. आवडायचं म्हणूनच म्हणायची. ते मात्र त्याला कधी सांगितलं नाही.

पिवळ्या चष्म्याचं तुला खातंय, मला माहीत आहे. त्याचे डोळे पिवळे दिसायला लागले तर तुम्ही दोघांनी पिवळे चष्मे चढवले, त्यावर गाणं रचलंत, तीन गावं हसवलीत. चौथ्या गावी तो अंथरुणातून उठलाच नाही. कावीळ आहे हे कळलं तेव्हा हातात काही उरलं नव्हतं. आता ऐक. चष्म्याचा फोटो त्यानं मलाही पाठवला होता. मी मशीनला टेकून हसले, बाकीच्या बायकांना बोलावून दाखवला. तेव्हा तुला बोल लावायला मला तोंड नाही, आणि तूही माझ्यापासून तोंड लपवू नकोस.

मशीन अजून तशीच नाचते. आठ तास मी तिच्यासमोर. धप-ठक-ठक झालं की डोक्यात तुझी ओळ येते, मग त्याची यायची जागा येते. ओली चादर हातात धरून मी थांबते. मुकादम ओरडतो, मग पुढचा ढीग उचलते.

पण पत्र त्यासाठी नाही. त्याचं जाकीट वर्षभर खुंटीला होतं, परवा धुवायला काढलं. धुण्याआधी खिसे तपासायची हाताची सवय. आतल्या खिशात कागद निघाला. नव्या गाण्याच्या सात ओळी, सगळ्या माझ्यावर, सगळ्या अर्ध्या. आमची आई दारात उभी राहिली की. आमच्या आईचा आवाज म्हणजे. आणि शेवटची, आई ओरडायची थांबली तर. पुढे नुसती रेघ. नेहमी तू सुरू करायचास आणि तो पुरं करायचा, इथं उलटं आहे. त्यानं माझी टिंगल केली होती की आणखी काही, ते तुझ्या अर्ध्यात आहे. एकमेकांना म्हणून दाखवल्याशिवाय तुम्ही कागदावर उतरवत नव्हता, म्हणजे तुझं अर्धं तुला येतंय. वाईट असलं तरी चालेल, गोड करून सांगू नकोस. त्या माईकसमोर गप्प राहतोस तसं माझ्यासमोर राहायचं नाही. शनिवारी दोनला माझी पाळी सुटते. कागद घेऊन लाँड्रीच्या फाटकाशी उभी राहीन. सातही ओळी पुऱ्या करून द्यायच्या. यायची हिंमत नसेल तर लिहून पाठव, पण शनिवारच्या आत.

तुझीच,
अर्ध्याची आई