नागपूरच्या काकांचं सर्किट

प्रिय ऋषी,

‘प्रिय’ लिहायचं नव्हतं, पण दुसरं काही सुचलं नाही. फोन तू उचलत नाहीस, म्हणून टपालानं पाठवतो आहे.

तू पुण्याला निघून गेलास, तुझा जुना कॉम्प्युटर इथेच राहिला. बँकेची नोकरी सोडून गेम बनवायला जाणं हा पोरखेळ आहे, असं मी म्हणालो होतो. आजही म्हणतो. पण निवृत्त माणसाला दुपार खायला उठते, त्यात आपल्याकडचा मे महिना. तुझा तो कारखाने उभारायचा गेम उघडून बसलो. आई विचारायची, ‘काय करून राहिले जी दिवसभर?’ मी म्हणायचो, लोखंड वितळवतोय.

त्यातला पंप मात्र मूर्ख निघाला. टाकी अर्ध्याखाली गेली की चालू, अर्ध्यावर आली की बंद. पाणी तिथेच घुटमळलं की नुसती उघडझाप. आपल्या गच्चीवरच्या टाकीची मोटर अशीच जळली होती, इतवारीतून दुसरी आणावी लागली. म्हणून गेमच्या चर्चेच्या पानावर ‘नागपूरकर’ या नावानं मी प्रस्ताव टाकला: लक्षात ठेवणारं सर्किट द्या. टाकी तळाला गेली की पंप सुरू व्हावा आणि पूर्ण भरेपर्यंत मधे थांबू नये.

लोकांनी टिंगल केली. बाजू घेतली ती एकट्या ‘गब्दूशेठ’नं. लहानपणी आई तुला याच नावानं हाक मारायची. आपणही मूळचे नागपूरचे, असं तू लिहिलंस आणि माझी खात्री पटली. मी कोण, ते कळू दिलं नाही. सांगितलं असतं तर तू लिहायचाच थांबला असतास.

वर्षभर तू मला ‘काका’ म्हणत पानंच्या पानं लिहिलीस. दोन अटी एकत्र कशा जोडायच्या, मोजणारं सर्किट कसं मांडायचं, प्रस्तावात आकृत्या कुठे घालायच्या. माझ्या चुका किती सबुरीनं समजावल्यास! त्याच वर्षी आई धंतोलीच्या दवाखान्यात होती. तिच्या मेसेजला तुझं उत्तर: ‘हं. काळजी घे.’ मला फार राग आला रे, अजून आहे. परक्याला एवढा जीव लावतोस आणि घरच्यांना दोन शब्द?

परवा कंपनीनं प्रस्ताव मान्य केला. पहिलं अभिनंदन तुझंच आलं आणि त्याखाली लग्नाचं आमंत्रण. मुलीचं नाव चिन्मयी, पुण्यातलं कार्यालय, पुढच्या महिन्यातली तारीख. शेवटी लिहिलंस, ‘काका, माझ्याकडून मोठं कोणी येणार नाही. वडिलांच्या जागी तुम्ही उभे राहाल का?’

नाही राहणार. काका येणार नाहीत, हे कळवायलाच हे पत्र. वडिलांना बोलवायचं असेल तर तसं लिही. रागातच येईन, पण येईन. आईला मी अजून यातलं काही सांगितलेलं नाही. आज सकाळीच ती एका मुलीचा फोटो मला दाखवत होती, ऋषीला पसंत पडेल म्हणून. तिला फोन कर. मला नको, तिला कर.

तुझाच, तुला मान्य असो वा नसो,
बाबा