मिरचीने उकरलेली वाट

मी, श्रीमती पूर्णिमा विजयसिंह इंगवले, वय ७२, निवृत्त शिवणशिक्षिका, राहणार कोल्हापूर, बुद्धी शाबूत असताना आणि कोणी भरीला घातले नसताना हे मृत्युपत्र लिहून ठेवते. सांधेवाताने बोटे वाकडी झाली आहेत, डोके नाही.

१. राहते घर व बँकेतील ठेव मुलगा ऋतुराज यास. शिलाई मशीन सून संयोगिता हिला. माझी कात्रीही तिलाच, पण ती मिरचीच्या अंगाला लावू नये.

२. मिरची ही माझी जॅक रसेल टेरियर कुत्री. ऋतुराजने हौसेने आणली आणि बदली होताच माझ्या गळ्यात बांधली. आता तो तिला पुण्याच्या फ्लॅटवर नेतो म्हणतो. नेऊ नये. जीव मांजराएवढा, पण तिला पळायला, हुंगायला, उकरायला लागते. कोंडली तर गाद्या फाडेल. घूस दिसली की हाकेला ओ देत नाही, म्हणून रस्त्यावर पट्टा सोडू नये. तांबडा रस्सा, कांदा, द्राक्षे देऊ नयेत. राठ केस मशीनने भादरू नयेत, मेलेले केस चिमटीने उपटावेत. तिला दुखत नाही.

३. परसातील भिंत वाटणीच्या वेळी माझ्या थोरल्या जाऊबाई तानाबाई यांनी घातली. तेव्हापासून बोलणे बंद. माझे यजमान गेले तेव्हाही त्या दारात आल्या नाहीत, हे मी विसरलेले नाही. मिरचीला पाहून त्यांनी गच्चीवरून "कुत्रं हाय का घूस?" असे विचारले होते, तेही नाही. मिरचीने त्याच भिंतीखालून भोक पाडले. मी विटा लावल्या, तिने पुन्हा उकरले.

गेल्या वर्षी माझ्या चिमटीत केस धरेनात. केस वाढून ती खाजवून हैराण झाली. मग एके दुपारी पलीकडून आली ती मेलेले केस काढून, अगदी नीटनेटकी. दुसऱ्या दिवशी मी भिंतीला कान लावला. जाऊबाई तिला सांगत होत्या, "गप बस की. तिची बोटं वळंनात आता. म्या न्हाय करायचं तर कुणी?"

म्हणजे मी केस कशी उपटते ते बाई इतकी वर्षे गच्चीवरून बघत होत्या. मला तिथेच रडू आले.

४. माझ्या मागे मिरची तानाबाईंकडे राहील. ऋतुराजने ते भोक बुजवू नये.

५. ज्यांना काही मिळते त्यांची साक्ष नको, असे वकील म्हणाले. म्हणून खाली जाऊबाईंची सही नाही. याची एक प्रत मिरचीच्या पट्ट्याला बांधून आजच पलीकडे पाठवते. वाटेत फाडली नाही तर पोचेल. मिरचीला न्यायला त्यांनी पुढच्या दाराने यावे, एवढी एकच अट. त्यासाठी माझ्या मरणाची वाट बघू नये.

ठिकाण : कोल्हापूर
दिनांक : १२ नोव्हेंबर २०२५

(सही) पूर्णिमा विजयसिंह इंगवले

वरील सही आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत झाली :
(सही) जोतीराम गणपती चौगुले
(सही) निशिगंधा सम्राट पोवार