वैशालीची सही

मंगळवार, संध्याकाळ

आज बेलवलीला वैशालीकडे गेले. शाळेतली मैत्रीण, दोन वर्षांनी भेटलो. घरोघरी जाऊन प्लास्टिकचे डबे दाखवून विकायला माझ्या टीममध्ये एक बाई कमी होती, म्हणून.

दार उघडलं आणि ती गळ्यात पडून रडायलाच लागली. "आई गेल्याचं कळलं ना तुला? वाटलंच मला, तू येशील."

मला काहीच माहीत नव्हतं. काकूंच्या हातचं किती जेवलेय मी. तरी "हो" म्हणाले. का म्हणाले?

चहा घेताना तिला माझ्या पिशवीतला, टीममध्ये भरती व्हायचा फॉर्म दिसला. माझा तो "हो" खोटा होता, हे तिला तिथेच कळलं.

"यासाठी आलीस होय," एवढंच म्हणाली. मग डोळे पुसले. "दे, कुठे सही करू?"

आणि मी बोट ठेवून जागा दाखवली.