बिशपसाहेबांचा उजवा हात

३ फेब्रुवारी
नवी नोकरी झकास! निवृत्तीनंतर घरी बसून लेकीच्या डोक्यावर मिरे वाटण्यापेक्षा हे बरं. अस्मिता हिंजवडीला जाते, मी कॅम्पातल्या या बंगल्यात दिवसपाळीची नर्स. पेशंट बिशप श्यामसुंदर साळवी, वय ब्याऐंशी. मूळचे नगरचे. अँग्लिकन चर्चनं त्यांना पॅसिफिकमधल्या एका बेटावर पाठवलं. तीस वर्षं होडीनं गावोगाव हिंडले, शाळा काढल्या, तिथंच बिशप झाले. आता उजवा हात लुळा, जीभ मात्र शाबूत. मी नारायण पेठेतली म्हटल्यावर म्हणाले की, मग पाणी मागतानाही अर्ज करावा लागेल.

७ फेब्रुवारी
दुपारी चारला त्यांचा लुळा हात उचलून पलंगाबाहेर धरायचा, हे नवं काम. गुडघे टेकलेल्या मुलाच्या डोक्याइतक्या उंचीवर. ते काही पुटपुटतात, मग हात खाली. मला वाटलं व्यायाम. ते म्हणाले, हे दृढीकरण. बाप्तिस्मा झालेलं मूल जाणतं झालं की बिशपांनी डोक्यावर हात ठेवायचा. दुसऱ्या कुणी ठेवून चालत नाही. अकरा मुलं राहिलीत म्हणे, रोज एक. म्हटलं, असतो एकेकाचा छंद.

१० फेब्रुवारी
आज माझी बोटं त्यांच्या बोटांपुढे सरकली आणि ओल्या केसांना लागली. समोर कुणी नव्हतं. फरशीवर मात्र गुडघे टेकल्यासारखे पाण्याचे दोन ठसे, खारट वासाचे. माझी पाचावर धारण बसली.
मग त्यांनी रडत सांगितलं. वादळाची सूचना आली तेव्हा बोटीत एकच जागा होती. दृढीकरणासाठी चर्चमध्ये जमलेल्या मुलांना, मी येईपर्यंत इथंच थांबा, असं सांगून ते निघाले. मुलं थांबली. समुद्र आत आला.

१२ फेब्रुवारी
आज हात धरला असताना बंगल्यातली मांजर मध्ये आली. हात तिच्या डोक्यावर टेकला. तासाभरात अंगणात मरून पडली, कोरड्या फरशीवर, तोंडातून पाणी. बिशप म्हणाले, हा हात ज्याच्या डोक्यावर टेकेल त्याला आता समुद्राकडेच धाडतो, जिवंत माणसाच्या डोक्याला लागू देऊ नका. मी नोकरी सोडते म्हटलं. त्यांनी हात जोडता येत नाहीत म्हणून मान वाकवली. सहाच उरलीत म्हणाले. मला दया आली. माझी अक्कल कुठं गेली होती!

१६ फेब्रुवारी
चारच्या आत बिशप गेले. तीन मुलं राहिली. त्यांचा हात माझ्या हातात होता. तो गार पडला, आणि माझा उजवा तळवा ओला झाला. पुसते, पुन्हा ओला होतो.

१७ फेब्रुवारी
घरी आहे. चारला हात आपला आपण उचलला गेला. खाली केस. एक गेलं.

१८ फेब्रुवारी
दुसरं गेलं. उद्याचं एक, मग सुटले. अस्मिताला बजावलंय, माझ्याजवळ येऊ नकोस. तिचं म्हणणं, आई, तू फार ओव्हरथिंक करतेस. तिला काही झालं तर मी जगणार नाही.

१९ फेब्रुवारी
चार. डाव्या हातानं लिहितेय. उजवा वर गेलाय. आज दिसतंय — बारा-तेरा वर्षांची मुलगी, वेणीतून पाणी —
दार वाजलं. अस्मिता, एवढ्यात? पेढे — प्रमोशन — कानात अजून ऑफिसचा कॉल, मी ओरडतेय ते तिला —
पाया पडायला वाकतेय. ती मुलगी बाजूला सरकली. अस्मिताला जागा करून दिली —
हात खाली येतोय, आवरत नाही, अस्मि, ऊठ, ऊठ गं, तुझे केस ओले कशानं