मागची खुर्ची

१० नोव्हेंबर २००३, केदारखेडा

आले बाई एकदाची! भोकरदनपासून काळीपिवळीत अशी कोंबली गेले की हाडं खिळखिळी झाली. पण गाव आवडलं. सगळीकडे कापूस वेचणी चालू आहे. देवानंद औरंगाबादहून निघेपर्यंत कुरकुरत होता, चौथ्या महिन्यात कुठं हिंडायला निघालीस म्हणून. मी म्हटलं, नवरोबा, मी पोटुशी आहे, आजारी नाही. ऑफिसात मात्र अजून सांगितलेलं नाही.

काम मजेचं आहे. आमच्या संस्थेनं गावांसाठी वेबसाइट केलीय. बाजारभाव, सातबारा, दवाखान्याच्या जीपचा नंबर, सगळं त्यात. ती लोकांना वापरता येते का, हे मी बघायचं. माहिती केंद्रात एक संगणक, एक फोन, आणि मागच्या खोलीत माझी पथारी. साइट संगणकातच भरून ठेवलीय. केंद्र चालवणारा बद्रीनाथ भलताच हौशी. मशिनीतून आता दवाखान्याची जीप येते, असं त्यानं गावभर सांगून टाकलंय.

११ नोव्हेंबर

पहिला दिवस झकास. संगणकापुढं गावचा माणूस, त्याच्या मागं जरा बाजूला माझी खुर्ची. मी सांगते, “समजा, घरात सून बाळंतपणाला अडलीय. जीपचा नंबर शोधा, आणि काय करताय ते मोठ्यानं सांगा.” मग मी गप्प. त्यानं कितीही विचारलं तरी मदत करायची नाही. उलट शांतपणे विचारायचं, तुम्हाला काय वाटतं? नाहीतर साइट कुठं अडते ते कळणार कसं?

पुंजारामकाका जाम वैतागले. तुमाला म्हाईत हाय, मंग सांगून टाका की, म्हणाले. बद्रीनाथला मधे तोंड घातल्याशिवाय राहवत नाही. शेवटी त्याला बाहेर काढलं. परीक्षा चालू असेपर्यंत आत यायचं नाही, अशी तंबीच दिली. हसून हसून पोट दुखलं माझं.

१२ नोव्हेंबर

आज सकाळी सगुणाबाई नावाची बाई आपणहून आली. मी काही सांगायच्या आधीच म्हणते, सून अडलीय, जीप बोलवा जल्दी. बद्रीनाथनं प्रश्न फोडलेला दिसतोय! मी तिला बसवलं, मागं जाऊन बसले. बाई काय समरस झाली! माउस हातातून निसटून टेबलाखाली पडला. रडलीसुद्धा. मागं वळून म्हणाली, “बाई, तुमीच लावा ना फोन.”

मी विचारलं, “तुम्हाला काय वाटतं, कुठं दाबावं?”

बराच वेळ बाजारभावाचंच पान उघडत राहिली. मग उठून पळत गेली. जीपचा नंबर फार आत दडलाय, वर आणायला हवा. आजची सर्वात कामाची परीक्षा.

१३ नोव्हेंबर

सगुणाबाईची सून गेली. बेबीनंदा. बाळही गेलं. बैलगाडीतून दवाखान्यात नेताना, रस्त्यातच. बद्रीनाथनं दारातूनच सांगितलं, आत आला नाही.

खरंच अडली होती. फोन माझ्या हाताशी होता. अगं, हाताशी होता.

१४ नोव्हेंबर

माफी मागायला गेले. सगुणाबाईनं मला अंगणात बसवलं आणि स्वतः माझ्या मागं, जरा बाजूला जाऊन बसली. मी पुष्कळ रडले. आता काय करू, सांगा, म्हटलं. मागून शांत आवाज आला, “तुम्हाला काय वाटतं?”

माझेच शब्द, माझाच सूर. ती अशी बोलतच नाही.

उद्या घरी जाते.

१५ नोव्हेंबर

जाता आलं नाही. काळीपिवळीवाल्या कडूबाला विचारलं, गाडी कधी निघणार? तो म्हणाला, तुम्हाला काय वाटतं? पुंजारामकाकाही तेच. प्यायला पाणी मागितलं तरी तेच. कुणाच्या तोंडावर राग नाही. शिव्या घालाल तर बरं रे.

चालत निघाले, तर फिरून केंद्रापाशीच. पुन्हा निघाले, पुन्हा तेच. माझी मागची खुर्ची भिंतीशी उलटी टाकून गेले होते. कुलूप माझं, किल्ली माझ्याकडे. आत बघते तर खुर्ची परत आपल्या मागच्या जागी, सरळ.

१६ नोव्हेंबर, सकाळ

पोटात कळ येतेय. रक्त —

दारोदार गेले. बाया उंबऱ्यात येतात, बघतात, विचारतात. बद्रीनाथच्या पाया पडले. तोही —

दुपार

फोनमधून आवाज नाही. नंबर मिळाला तर दुसरीकडून — कुणीतरी — तो नंबर मीच भरला होता. सापडत नाही. माझीच साइट. जिथं दाबावं तिथं बाजारभाव.

मागची खुर्ची करकरली.

वळायची हिंमत नाही. श्वास ऐकू येतोय, कळा देणाऱ्या बाईचा.

“समजा,” म्हणाली, “तुम्ही अडलाय. जीपचा नंबर शोधा.”

तरुण आवाज. दमलेला.

काय करताय ते मोठ्यानं सांगा म्हणते. सांगतेय गं. सांगतेय. हे बघ, दवाखाना दाबलं. बाजारभाव. परत दाबलं —

बेबीनंदा, मी चुकले, मला काय करायचं ते कर. माझ्या बाळाला नको. तुला नंबर माहीत आहे. तू सांग ना, तुझ्या पाया —

ती विचारतेय, मला काय वा